दिवाळीनंतर टीव्हीवर येणारी चमक: कारण कसं शोधायचं आणि काय हलवायचं

दिवाळी उरकली, फराळाचे डबे रिकामे झाले की साताऱ्यात आमच्याकडे एक ठरलेली तक्रार यायला लागते. टीव्ही चांगला आहे, नवा आहे, चित्रही स्वच्छ आहे, पण दुपारी तीननंतर त्यात काही दिसत नाही. गोडोलीतल्या एका काकूंनी ते नेमकं सांगितलं होतं : "अहो, मॅच लावली तर खेळाडू कमी आणि आमची खिडकीच जास्त दिसते." फर्निचर आणि टीव्ही युनिटचं काम करताना हे गाऱ्हाणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यातली खरी गंमत अशी की त्याच घरात जून-जुलैमध्ये कुणाची काही तक्रार नसते. टीव्ही तोच, भिंत तीच, सोफाही तिथेच. मग मधल्या काळात बदललं काय?

बदलला तो सूर्य. आणि हे एकदा नीट समजून घेतलं की अर्ध्याहून जास्त घरांत एक रुपयाही खर्च न करता प्रश्न सुटतो. समजून न घेता लोक टीव्हीचा ब्राइटनेस वाढवतात, पडद्याला चिकटवायच्या फिल्म मागवतात, काही जण तर टीव्हीच बदलून आणतात. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मार्चमध्ये चमक आपोआप कमी होते, सगळ्यांना वाटतं उपाय लागू पडला, आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तेच.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेत शिकलो ते खरंच आहे, पण बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास. साताऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि २१ जूनच्या सुमारास तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा जवळजवळ ५० अंशांनी फिरते. हॉलच्या खिडकीतून येणारी तिरीप त्यामुळे हिवाळ्यात खोलीच्या एका कोपऱ्यात जाते आणि उन्हाळ्यात भलत्याच कोपऱ्यात.

आता हे तुमच्या हॉलला लावून बघा. समजा खिडकी पश्चिमेच्या भिंतीत आहे आणि टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर. हिवाळ्यात ऊन नैर्ऋत्येकडून येतं, खिडकीतून आत शिरून ईशान्येकडे जातं आणि उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे थेट टीव्हीवर पडतं. हाच तो दसऱ्यानंतर सुरू होऊन संक्रांतीनंतरही काही आठवडे टिकणारा त्रास. मे महिन्यात ऊन वायव्येकडून येतं आणि दक्षिणेच्या भिंतीकडे जातं, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवरचा टीव्ही सुटतो. याच्या बरोबर उलट, टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर असेल तर दिवाळीनंतर तुम्ही निवांत असता आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकी पोरं सुट्टीला घरात असताना, संध्याकाळी पाच-साडेपाचला पडदा पांढरा पडतो. जून-जुलैमध्ये खरं तर तेच ऊन असतं, पण ढगांमुळे ते कळत नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित वेगळं आहे. डिसेंबरात भरदुपारीसुद्धा सूर्य साताऱ्यात सुमारे ४९ अंशांच्याच उंचीवर असतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि बाहेर छज्जा नसेल तर दुपारी बारा-साडेबारालाही ऊन सहा फूट आत येतं. कवडसा थेट टीव्हीवर पडला नाही तरी चकचकीत फरशीवर पडतो, तिथून उसळून छतावर आणि समोरच्या भिंतीवर जातो, आणि सगळी खोलीच उजळून निघते. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य साताऱ्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा थेंबही आत येत नाही. घर उन्हाळ्यात बघून घेतलेल्या लोकांची इथेच फसगत होते. एप्रिलमध्ये फ्लॅट बघितला, हॉल छान सावलीचा वाटला, टीव्हीचे पॉइंट काढून घेतले आणि नोव्हेंबरात कळलं.

म्हणून कुणी फोन केला की मी पहिला प्रश्न विचारतो, "त्रास कुठल्या महिन्यात सुरू होतो?" दिवाळीनंतर म्हणाले तर नैर्ऋत्य किंवा दक्षिण. मेमध्ये म्हणाले तर वायव्य. बारा महिने म्हणाले तर ऊन टीव्हीवर पडतच नाही, टीव्हीसमोरची खिडकी नुसती त्यात दिसते आहे, आणि त्याचा उपाय निराळा.

शहराच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्यामुळे त्या अंगाच्या वस्त्यांत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या आधीच डोंगराआड जातो आणि शेवटचं अगदी आडवं ऊन घरात येतच नाही. पूर्वेकडच्या मोकळ्या भागात, विशेषतः वरच्या मजल्यांवर, तेच ऊन शेवटपर्यंत आत येतं. त्यामुळे शाहूपुरीतल्या पाहुण्यांचा उपाय तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही.

बंद टीव्हीची चाचणी

ही चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खात्रीची आहे. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी टीव्ही बंद करा, नेहमीच्या जागेवर नेहमीसारखे बसा आणि काळ्या पडद्यात बघा. त्यात जे उजळ दिसतं तेच तुमच्या चित्रावर चढून बसतं. खिडकी दिसते, दाराच्या वरचं झरोक्याचं तावदान दिसतं, समोरच्या भिंतीवरची ट्यूब दिसते, कधी शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत दिसते. उजेडाचा उगम कोणता हे कळलं नाही तर घरातल्या कुणाला तरी वर्तमानपत्राचं पान घेऊन एकेक खिडकी, एकेक तावदान झाकत फिरायला सांगा. ज्या क्षणी पडदा काळा होतो, तिथे चोर सापडला.

ही चाचणी एका जागेवरून करून थांबू नका. आजी दिवाणावर बसते, पोरं खाली चटईवर लोळतात, बाबा दाराजवळच्या खुर्चीत. प्रत्येकाला पडद्यात वेगळी वस्तू दिसते. माची पेठेतल्या एका घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की चमक बिमक काही नाही, आजींचे डोळेच अधू झालेत. मी दिवाणावर आजींच्या जागी बसून बघितलं तर पडद्यात बरोबर मध्यभागी मागच्या दाराचा उजेडाचा चौकोन. सोफ्यावरून तो दिसतच नव्हता. आजींचे डोळे ठणठणीत होते. मागच्या दाराला एक पडदा लावला, काम झालं. घरातलं म्हातारं माणूस दिसत नाही म्हणालं की आधी त्याच्या जागी बसून बघा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुपारी घरात टीव्ही बघणारं माणूस बहुतेक वेळा तेच असतं.

नवं घर असेल, टीव्ही अजून लावायचा असेल, तर भिंतीला भोक पाडण्याआधी टीव्हीच्या जागी घरातला आरसा किंवा काचेची मोठी फोटोफ्रेम दोघांनी धरून हीच चाचणी करा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, दिवे लावून एकदा. मात्र ती ज्या ऋतूत केली त्याच ऋतूचं उत्तर देते, हे लक्षात ठेवा. बाकीच्या महिन्यांसाठी वरचा सूर्याचा हिशेब मांडावा लागतो.

उपाय : बाहेरून आत या

ऊन खिडकीच्या बाहेर अडवलं तर चमकही जाते आणि घर तापतही नाही. आत अडवलं तर चमक जाते, पण उष्णता घरात शिरलेली असते. म्हणून पहिला विचार बाहेरचा करावा. खिडकीवर छज्जा असेल तर त्याला बांबूची चिक लटकवा. स्वस्त पडते, वारा अडत नाही आणि नोव्हेंबर ते मे उत्तम काम देते. एकच पथ्य : मेअखेरीस ती गुंडाळून आत घ्यायची. साताऱ्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून असा काही येतो की बाहेर राहिलेली चिक पहिल्या पंधरवड्यात फाटते किंवा कुजते. वेल चढवायचा असेल तर आणखी छान, पण ग्रिलला आणि खिडकीच्या झडपांना त्याचा त्रास होणार नाही एवढ्या अंतरावर.

बाहेर काही लावता येत नसेल तर पडदे. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पांढरे जाळीचे पडदे लावून चमक जात नाही, उलट वाढते. ऊन त्या जाळीवर पडलं की ती सगळीच्या सगळी उजळते आणि आधी टीव्हीत खिडकीचं एक तावदान दिसत होतं तिथे आता सहा फुटी पांढराशुभ्र चौकोन दिसायला लागतो. टीव्हीसमोरच्या किंवा टीव्हीच्या बाजूच्या खिडकीला अस्तर लावलेले, मध्यम किंवा गडद रंगाचे पडदे हवेत. जुने पडदे फेकायची गरज नाही, मागून अस्तर शिवून घेतलं तरी पुरे. रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट लांब घ्या, नाहीतर कडेची उजेडाची उभी रेघ बरोबर टीव्हीच्या पडद्यावर येते आणि ती सबंध खिडकीपेक्षाही जास्त टोचते. जाळीचे पडदे आवडतच असतील तर ते ज्या खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही तिथे लावा.

तिसरा उपाय टीव्ही वळवण्याचा. याला लोक कमी लेखतात. आरसा जितका वळवाल त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं, हा साधा नियम आहे. टीव्ही पाच अंश वळवला तर प्रतिबिंब दहा अंशांनी सरकतं. खिडकी टीव्हीपासून दहा फुटांवर असेल तर ते सुमारे पावणेदोन फूट झालं. म्हणजे दीड फुटाच्या उभ्या झरोक्याची चमक एवढ्याशा वळणाने पूर्ण निघून जाते. चार फुटी खिडकीला हे पुरत नाही, तिथे बारा अंशांच्या आसपास वळवावं लागतं आणि त्यासाठी भिंतीला सपाट बसणारं ब्रॅकेट चालत नाही, हाताने ओढून फिरवता येणारं लागतं. टेबलावर ठेवलेला टीव्ही मात्र फुकटात वळतो. छतावरच्या ट्यूबची चमक असेल तर टीव्हीची वरची कड किंचित पुढे झुकवा. पडद्यात छताऐवजी समोरची जमीन दिसू लागते आणि जमिनीवर सहसा दिवा नसतो.

टीव्ही वळवताना समोरच्या सगळ्या जागा बघा. बऱ्याच टीव्हींचं चित्र बाजूने बघितलं की फिकट पडतं. खिडकीची चमक घालवली आणि दाराजवळच्या खुर्चीतल्या माणसाला रंग उडालेले दिसायला लागले, तर काय मिळवलं?

सेटिंगचा उपाय शेवटी. बऱ्याच टीव्हींमध्ये ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो, चित्राचा उजेड वाढत नाही. उजेड वाढवणारं सेटिंग बॅकलाइट या नावाने वेगळं असतं. दिवसा ते चढवा, रात्री उतरवा. सगळ्यात झगझगीत मोड दुपारपुरता ठीक आहे, पण रात्री त्याच मोडमध्ये तीन-चार तास मालिका बघितल्या की डोळे चुरचुरतात. पडद्याला चिकटवायची फिल्म मी कुणालाच सुचवत नाही. तिच्याखाली बुडबुडे राहतात, चित्र भुरकट होतं आणि काढताना मूळ पडद्याला इजा व्हायची भीती असते.

आणि टीव्हीचा पडदा पुसून बघा. खरंच. हिवाळ्यात पडद्यावर धुरळा बसतो, त्यात पोरांच्या बोटांचे ठसे, आणि तिरपं ऊन पडलं की तोच डाग हातभर पसरलेला दिसतो. काच पुसायचं द्रव वापरू नका, पडद्यावरचा थर त्याने खराब होतो. टीव्ही बंद करून, गार झाल्यावर, चष्मा पुसायच्या जातीचं मऊ कापड अगदी किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवायचं. दाबायचं नाही.

सजावट टीव्हीच्या भिंतीची, त्रास समोरच्या भिंतीचा

टीव्हीची भिंत सजवण्यावर लोक मनापासून खर्च करतात आणि समोरच्या भिंतीकडे बघतही नाहीत. वास्तविक काळ्या पडद्यात दिसते ती समोरचीच भिंत. तिथे काचेच्या फ्रेममधला लग्नाचा मोठा फोटो आहे, घड्याळ आहे, देवघराचा लाल बल्ब आहे, तर रात्री मालिकेतल्या प्रत्येक अंधाऱ्या प्रसंगात तेच दिसणार. फोटो काढून ठेवा असं मी कधी म्हणत नाही, घरच्यांच्या भावना त्यात असतात. दोन फूट सरकवला किंवा बैठकीच्या डोक्यापेक्षा जरा वर लावला तरी पुरतं. देवघराचा बल्ब मंद करता येतो. समोरची ट्यूब टीव्ही बघताना बंद ठेवून बाजूच्या भिंतीवरचा एखादा पिवळा दिवा लावता येतो.

टीव्हीच्या भिंतीसाठी रंग मॅट हवा आणि मध्यम छटेचा. चकचकीत इमल्शन, आरशासारखं लॅमिनेट, चमकणारे पीव्हीसी पॅनेल दुकानात दिव्याखाली देखणे दिसतात, घरी दुपारचं ऊन पडलं की त्यांच्यावरून उजेड डोळ्यांत येतो. पडद्याच्या बाजूला काही चमकत असलं की डोळा सारखा तिकडे ओढला जातो. काळाकुट्ट रंगही देऊ नका. रात्री काळ्या भिंतीवर एकच उजळ चौकोन राहिला की डोळ्यांवर ताण येतो. मातकट, राखाडी, शेवाळी अशा छटा चांगल्या. भिंतीवर दगड लावायची हौस असेल तर घासून गुळगुळीत केलेला नको, खडबडीत फोडीचा घ्या. धूळ मात्र त्यात बसते, ती झाडायची तयारी हवी. टीव्हीच्या मागे दिव्यांची पट्टी लावायची असेल तर पांढऱ्या उजेडाची, ६५०० केल्विनची, आणि इतकी मंद की फक्त मागची भिंत उजळावी. रंग बदलणाऱ्या पट्ट्या चार दिवस बऱ्या वाटतात, पण भिंतीचा रंग सारखा बदलत राहिला की चित्रातले रंगही बदलल्यासारखे भासतात.

गौरी-गणपतीत तर हॉलची सगळी मांडणीच बदलते. कित्येक घरांत मखर टीव्ही युनिटवरच किंवा त्याला लागून असतं आणि टीव्हीवर साडी किंवा चादर टाकतात. झाकायचा तर टीव्ही मेन स्विचवरून बंद करूनच झाका, कारण हवा खेळायच्या फटी त्याने बुजतात. समई टीव्हीपासून लांब ठेवा, तेलाची वाफ आणि काजळी पडद्यावर बसली की निघता निघत नाही. आणि विसर्जनानंतर दिव्यांच्या माळा "असू देत दिवाळीपर्यंत" म्हणून समोरच्या खिडकीला तशाच राहतात. दिवाळीनंतरच्या तक्रारींपैकी काहींचं मूळ त्या माळांत असतं. त्या काढल्या की संध्याकाळची चमक जाते.

रिमोट चालत नाही तेव्हा

दुपारी चमक असते त्याच वेळी रिमोटही दाद देत नाही असं होत असेल तर सेल बदलायची घाई करू नका. रिमोटचा न दिसणारा किरण टीव्हीच्या खालच्या कडेला असलेल्या छोट्याशा खिडकीत जातो. तिच्यावर कडक ऊन पडलं की तिला रिमोटचा इशारा उन्हातून वेगळा ओळखता येत नाही. टीव्हीजवळ जाऊन त्या जागेवर हाताने सावली धरा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. चाललं तर रिमोट चांगला आहे, ऊन अडवायला हवं. तरीही चाललं नाही तर मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक. मग टीव्हीच्या खालच्या कडेवर लोंबणारं तोरण, समोर ठेवलेली फुलदाणी किंवा मूर्ती सरकवून बघा. सेटटॉप बॉक्सची हीच कथा, तो तर हमखास शोपीसच्या मागे दडलेला असतो.

दुसऱ्या भिंतीवर न्यायचा विचार असेल तर

कधीकधी काहीही केलं तरी जागाच चुकीची असते. पश्चिमेला मोठी खिडकी आणि टीव्ही बरोबर तिच्यासमोर पूर्वेच्या भिंतीवर, असं असेल तर पडदे कायम ओढून घर अंधारात ठेवण्यापेक्षा टीव्ही हलवलेला बरा. उजेडाच्या हिशेबाने सगळ्यात सुरक्षित जागा पश्चिमेचीच भिंत, कारण त्या भिंतीवरच्या पडद्याचं तोंड खिडकीकडे नसतं. फक्त खिडकीला अगदी खेटून लावू नका, नाहीतर बघताना डोळ्यांना खिडकीचाच उजेड जास्त लागतो.

पण साताऱ्यात इथे आगीतून फुफाट्यात जायची वेळ येते. पावसाळ्यात वाऱ्यासकट पाऊस झोडपतो तो पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला. बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेगा असतील तर ऑगस्टपर्यंत आतून पोपडे धरतात, लोणा फुटतो. तिथे भुसा दाबून बनवलेल्या बोर्डाचं टीव्ही युनिट लावलं की ते खालून फुगतं, लॅमिनेटच्या कडा उचलल्या जातात आणि मागून बुरशीचा वास येतो. म्हणून भिंत बदलण्याआधी ओल तपासा. भर पावसाळ्यात हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. आधी बाहेरून गिलावा आणि रंगाचं काम करा, मग टीव्ही. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ते हवेतलं आहे, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवली की भागतं. शंका असेल तर युनिट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, मागे प्लायचं पूर्ण पाठफळ मारू नका, आणि खाली पाय असलेलं घ्या.

जुन्या पेठांतल्या घरांत आणखी एक अडचण. माची पेठ, यादोगोपाळ पेठ या भागांत अजून मातीत बांधलेल्या जाड भिंती आहेत. त्यांत ड्रिल मारलं की भुगा बाहेर येतो आणि स्क्रू धरणारी गिट्टी बसतच नाही. बसल्यासारखी वाटली तरी हाताने ओढून फिरवायच्या ब्रॅकेटला तिचा भरवसा नाही, कारण टीव्ही पुढे ओढला की वजनाचा ताण कितीतरी वाढतो. तिथे लाकडी खांब असतील तर दोन खांबांमध्ये जाड प्लाय पक्की करून तिच्यावर टीव्ही लावावा, नाहीतर सरळ टेबलावर ठेवावा. अशा घरांतला कोनाडा बघून काही जण त्यातच टीव्ही बसवतात. दिसतो सुंदर, आणि बाजूच्या उन्हापासून आपोआप आडोसाही मिळतो. फक्त मागे-वर हवा खेळायला मोकळी जागा ठेवा.

जागा बदलताना उंचीही सुधारून घ्या. चमक चुकवायला म्हणून टीव्ही पाच फुटांवर चढवलेला मी खूप घरांत बघतो आणि मग मानेचं दुखणं मागे लागतं. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० ते ४४ इंचांवर येतात, पडद्याचा मध्य तिथे हवा. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे २१ इंच असते, म्हणजे मध्य ४२ इंचांवर धरला तर खालची कड साडेएकतीस इंचांवर येते. गादी-लोडाची बैठक असेल तर हे सगळं फूटभर खाली घ्यायचं. अंतर पडद्याच्या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट बरं पडतं. ५५ इंचीसाठी सात-आठ फूट.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला हात लावू देत नसतील, तर चाकांचा स्टँड घ्या. ब्रेक लागणारी चाकं आणि रुंद, जड पाया बघूनच घ्या, लहान मुलं असतील तर हे टाळता येणार नाही. प्लगपासून स्टँडपर्यंतची वायर भिंतीच्या कडेने न्या, पायात येऊ देऊ नका. हिवाळ्यात एक जागा आणि उन्हाळ्यात दुसरी, अशा दोन जागा बंद टीव्हीच्या चाचणीने ठरवा आणि फरशीवर चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावून ठेवा. नवरात्राच्या साफसफाईत एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा स्टँड त्या खुणांवर सरकवायचा. डिशची केबल मात्र लांबच्या खुणेपर्यंत पोचेल एवढी आधीच घेऊन ठेवा, मधे जोड देऊ नका.